पालकसभेत शरीरसुरक्षेचा विषय काढताना

ताई, बालवाडीत शरीरसुरक्षा, म्हणजे लैंगिक अत्याचारापासून स्वतःला कसं जपायचं, हा विषय पहिल्यांदाच घेणार असाल, तर मुलांआधी पालकांना बोलवा. फक्त आया नकोत, बाबा आणि आजीही हव्यात. दाखवणार ती चित्रं आणि वापरणार ते शब्द आधी त्यांच्यासमोर ठेवा, काही लपवू नका.

‘नको ते डोक्यात शिरेल’ हा आक्षेप येणारच. वाद घालू नका. तीन-चार वर्षांच्या मुलाला जसं नाक, कान, तसंच शिश्न, योनी. लाज आपण मोठी माणसं चिकटवतो. या अवयवांना घरोघरी वेगळं लाडाचं नाव असलं की मूल काय सांगतंय ते बाहेरच्याला कळतच नाही.

खरी अडचण ‘काकांना पापी दे’ या आग्रहाची. मूल मागे सरतं, तरी त्याला पुढे ढकलतात. मोठ्यांपुढे ‘नाही’ चालत नाही, हे ते तिथेच शिकतं. नमस्कार किंवा टाटा पुरे, हे आजीला पटवा. धोका बहुतेकदा ओळखीच्याच माणसाकडून असतो, हेही स्पष्ट सांगा.

नुसता ‘वाईट स्पर्श’ शिकवू नका. चुकीचा स्पर्श गुदगुल्यांसारखाही असू शकतो, आणि गुदगुल्या मुलाला वाईट वाटत नाहीत. नियम द्या: चड्डीखालच्या भागाला स्वच्छता आणि औषधपाणी याखेरीज कुणी हात लावायचा नाही, आणि स्पर्शाचं गुपित कधीच ठेवायचं नाही.

मुलाने काही सांगितलं तर शांतपणे ऐका, त्याचेच शब्द लिहून ठेवा, उलटतपासणी नको. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरही मदत मिळते. ‘घरातच मिटवू’ म्हणणाऱ्यांना हे सभेतच सांगून ठेवा.