वाचकांचे प्रश्न : जुन्या बेलच्या तारा आणि नवी व्हिडिओ डोअरबेल

प्रश्न : न्यू जर्सीला राहणाऱ्या मुलाने दिवाळीला येताना एक व्हिडिओ डोअरबेल आणली. तिच्या पुस्तिकेत ‘जुन्या बेलच्या दोन तारा मागच्या दोन स्क्रूंना जोडाव्यात’ एवढेच लिहिलेले असल्याने आमच्या इलेक्ट्रिशियनने दाराचे जुने बटण काढून तसेच केले. मेन चालू करताच ‘फट्’ असा आवाज झाला, जळका वास आला आणि बेल कायमची बंद पडली. दोष वस्तूत होता की जोडणीत? दुसरी आणल्यास ती कशी बसवावी? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : वस्तू बहुधा निर्दोष होती आणि पुस्तिकाही खोटे सांगत नव्हती, मात्र ती अमेरिकेतल्या घरासाठी लिहिलेली होती. तिकडे घरातला वीजपुरवठा १२० व्होल्टचा असला, तरी बेलसाठी तळघरात किंवा माळ्यावर एक छोटा ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो आणि दारापर्यंत येणाऱ्या दोन तारांत १६ ते २४ व्होल्ट एवढाच दाब असतो. आपल्याकडच्या नेहमीच्या डिंगडाँग बेलला असा ट्रान्सफॉर्मर नसतो. तिच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्टची फेज येते आणि बटण दाबले की तीच पुढे बेलकडे जाते. न्यूट्रल परस्पर बेलला दिलेली असते, त्यामुळे बटणाच्या डबीत ती सापडतही नाही. अंधारात आपल्या बटणातला जो लाल ठिपका मिणमिणतो, तो याच विजेवर. या दोन तारा आपल्या डोअरबेलला जोडल्या गेल्या आणि २४ व्होल्टची सवय असलेल्या सर्किटवर त्याच्या कितीतरी पट दाब आला.

दुसरी बेल बसवताना त्या तारा वापरता येतील, पण त्यांचे काम बदलावे लागेल. बटणाकडून येणाऱ्या दोन्ही तारा आतल्या स्विचबोर्डमध्ये शोधून त्यांची आतली टोके फेजपासून आणि जुन्या बेलपासून पूर्णपणे सोडवून घ्यावीत. त्यानंतर २३० व्होल्ट घेऊन १६ ते २४ व्होल्ट एसी देणारा, आपल्या मॉडेलला लागेल तेवढ्या क्षमतेचा (बहुतेकांना ३० व्हीए, म्हणजे व्होल्ट-अँपिअर, पुरतो) बेल ट्रान्सफॉर्मर डीबीमध्ये (एमसीबी असलेल्या मुख्य पेटीत) किंवा वेगळ्या बंद डबीत बसवून या दोन तारा त्याच्या कमी दाबाच्या बाजूला जोडाव्यात. अमेरिकेतला ट्रान्सफॉर्मर मागवू नये, कारण तो १२० व्होल्टचा असतो. सीसीटीव्हीसाठी मिळणारा १२ व्होल्ट डीसीचा अडॅप्टरही, पुस्तिकेत तशी परवानगी नसेल तर, चालणार नाही. जुन्या बेलशिवाय थेट ट्रान्सफॉर्मरवर चालवताना काही मॉडेलना मध्ये एक रेझिस्टर लावावा लागतो, तेवढे पुस्तिकेत अवश्य पाहावे. जुनी डिंगडाँग यापुढे या बटणाने वाजणार नाही. घरात आवाज हवा असल्यास प्लगमध्ये बसणारा वायरलेस चाइम घ्यावा लागेल.

पाइपात याच तारांसोबत दिव्या-पंख्याच्या २३० व्होल्टच्या तारा असतील, तर मात्र कमी दाबाची जोडणी त्याच पाइपातून नेऊ नये. दारापर्यंत वेगळी केसिंग पट्टी मारलेली थोडी वाईट दिसेल, पण ती पत्करावी.

आणखी एक गोष्ट इलेक्ट्रिशियनही विसरतात. घरात इन्व्हर्टर असेल आणि बेल त्याच्या लाइनवर असेल, तर मेन बंद केल्यावरही बटणात फेज राहते, किंबहुना मेन बंद केल्यामुळेच ती इन्व्हर्टरकडून येऊ लागते. म्हणून इन्व्हर्टरही बंद करावा आणि चालू असलेल्या एखाद्या पॉइंटवर टेस्टर लागतो का, हे आधीच पाहून मगच तो बटणाच्या दोन्ही स्क्रूंना लावावा. तारांच्या रंगावर विसंबू नये. बटणाच्या डबीत दोन्ही तारा लालच निघाल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

सगळे बसवूनही नव्या बेलला आपले वाय-फाय दिसलेच नाही, तर राउटरचे २.४ गिगाहर्ट्झचे चॅनल पाहावे. आपल्याकडे १३ व्या चॅनलपर्यंत वापर चालतो, अमेरिकेसाठी बनवलेली उपकरणे साधारणपणे ११ च्या पुढे पाहत नाहीत.

प्रश्न : माझी डोअरबेल इथेच घेतलेली आहे आणि मोबाइलच्या ५ व्होल्टच्या चार्जरवर चालते. चार्जर हॉलमध्ये ठेवून दारापर्यंत सुमारे १२ मीटर तार नेली आहे. दिवसा ती नीट चालते, रात्री मात्र वारंवार बंद होऊन पुन्हा सुरू होते. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : अंधार पडला की कॅमेऱ्याभोवतीचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि बेल जास्त करंट ओढू लागते. आपली तार ०.७५ चौरस मिलिमीटरची तांब्याची आहे असे धरले, तर जाऊन-येऊन २४ मीटर तारेचा रोध अर्ध्या ओहमहून थोडा अधिक भरतो. बेलने २ अँपिअर मागितले, तर सुमारे १.१ व्होल्ट तारेतच खर्च होतात आणि दाराशी जेमतेम ३.९ व्होल्ट पोहोचतात. हीच १० वॅट वीज २४ व्होल्टवर नेली असती, तर पाव व्होल्टदेखील घटला नसता. तार आणखी जाड करण्याऐवजी हॉलमध्ये २४ व्होल्ट डीसीचा अडॅप्टर लावावा आणि दाराच्या आतल्या बाजूला, बेलपासून हातभर अंतरावर, त्याचे ५ व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर बसवावा. ज्या कन्व्हर्टरवर फिरवायचा स्क्रू असतो, त्याचे आउटपुट बेल जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने मोजून ५ व्होल्टवर आणून ठेवावे. दुकानातून येताना ते कितीवर ठेवलेले असेल, याचा नेम नसतो.