वहीत शेरा नको, घटना लिहा

सेक्शन कमांडर, म्हणजे छोट्या तुकडीचे प्रमुख, होणाऱ्या मुलांच्या नोंदी कशा ठेवायच्या, यावर एनसीसीच्या शिबिरांनंतर तीच ती पत्रं येतात. त्यातली काही इथे घेतली आहेत.

प्र. नोंदीसाठी पेन चांगलं की मोबाइल? (एनसीसी अधिकारी, सातारा)

उ. शिसपेन्सिल, दोरीनं वहीला बांधलेली. यवतेश्वरच्या पावसात शाई पसरते. मोबाइलसाठी आधी बटालियनला विचारा.

प्र. ‘नेतृत्वगुण कमी, आत्मविश्वास नाही’ असं लिहितो, वाचूनही दाखवतो. मुलं सुधारत नाहीत. (प्रशिक्षक, कराड)

उ. सुधारतील कशी? तुम्ही नोंद करतच नाही, निकाल लावता. ‘आत्मविश्वास नाही’ ऐकून त्या मुलानं उद्या सकाळी वेगळं काय करायचं? छाती काढून चालेल, एवढंच. आता ही नोंद बघा (मकसद म्हणजे कामगिरी, एलएमजी म्हणजे हलकी मशीनगन):

‘०६४०: हुकूम ४० सेकंदांत संपवला. मकसद एकदाच. सिग्नल सांगितलाच नाही. “कोई शक?” म्हणाला आणि उत्तराआधी वळला. ०६५२: रायफल ग्रुप ओढ्यापलीकडे, एलएमजी ग्रुप जागेवरच.’

शेरा एकही नाही, पण दुखणं सापडलं: पुढे कधी सरकायचं हे एलएमजीवाल्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आवाज खणखणीत होता, म्हणून तुम्ही कदाचित ‘उत्तम’ लिहिलं असतं. पुढच्या सरावात त्याला एवढंच काम द्या: मकसद दोनदा सांगायचा आणि ‘शक?’वर न थांबता दोघांकडून हुकूम वदवून घ्यायचा.

रात्री तंबूत बसून आठवून लिहिणं बंद करा. दिवसभरातला सगळ्यात मोठा आवाज आणि सगळ्यात मोठी चूक, एवढंच तेव्हा डोक्यात उरतं. हुकूम चालू असतानाही मान खाली घालू नका. बघायचं राहून जातं, शिवाय मुलगा तुमच्या पेन्सिलीकडे बघून बोलू लागतो. हालचाल थांबली की दोन ओळी, वेळेसकट. एका वेळी दोनपेक्षा जास्त कमांडर घेऊ नका. जे दिसलं नाही तिथे ‘दिसलं नाही’ लिहा. अंदाजानं जागा भरू नका. मत लिहिल्याशिवाय राहवत नसेल, तर समासाच्या पलीकडे. तुमची दोन-तीन पानं पीआय स्टाफमधल्या, म्हणजे सैन्यातून आलेल्या प्रशिक्षकांमधल्या, जाणत्या उस्तादांना एकदा दाखवा.

प्र. सांगलीतली एक अकॅडमी ‘एसएसबीत (सैन्यातले अधिकारी निवडणारं मंडळ) वापरतात तोच’ म्हणून गुणतक्ता विकते. घ्यावा का? (पालक, मिरज)

उ. नको. एसएसबीच्या परीक्षकांचे कागद बाजारात येत नाहीत. अधिकाऱ्यात कोणते १५ गुण बघतात ती यादी जगजाहीर आहे, फुकट मिळते. शिवाय तिथे निवड करायची असते, इथे शिकवायचं असतं. ‘पुढाकार: १० पैकी ६’ वाचून कोण काय शिकणार? पैसे देण्याआधी निदान एखाद्या निवृत्त जेसीओंना (सुभेदार वगैरे) तक्ता दाखवा.

प्र. चूक सगळ्यांसमोर सांगावी का? (सीनियर कॅडेट, वाई)

उ. बाजूला घेऊन, त्याच दिवशी. रायफलची नळी माणसाकडे वळली तर मात्र तिथेच, मोठ्यानं, आणि लगेच उस्तादांना कळव.

प्र. आधी कौतुक, मग चूक, शेवटी पुन्हा कौतुक, हे बरोबर ना? (शिक्षिका, विटा)

उ. ऐकीव गोष्ट. मुलं हुशार असतात, कौतुक सुरू झालं की ‘पण’ची वाट बघतात. आधी त्यालाच विचारा: काय ठरवलं होतंस, काय झालं? मग वहीतले दोनच मुद्दे सांगा. चांगलं झालं असेल तर तेही घटनेसकट.

प्र. एका कॅडेटनं तीनदा हुकूम चुकीचा ऐकला. ‘लक्ष नाही’ अशी नोंद केली. (एनसीसी अधिकारी, इस्लामपूर)

उ. ती ओळ खोडा. दोष लक्षाचा नसून कानाचा असू शकतो. तिन्ही वेळा तुम्ही त्याच्या कोणत्या बाजूला होतात, वारा होता का, तो आदल्या रात्री पहाऱ्यावर होता का, फायरिंगनंतर हे सुरू झालं का, एवढं लिहा. तो कागद देऊन त्याला आजच डॉक्टरांकडे पाठवा. पुढच्या शिबिरापर्यंत थांबू नका.