वहीला कामाला जुंपू नकोस

पोरी,

तुझा मेसेज रात्री वाचला आणि झोप उडाली, म्हणून लिहायला बसले. कॉलेजच्या ज्यूरीत, परीक्षकांपुढे काम मांडलंस तेव्हा, तुला विचारलं, ‘या रेखाटनांचा शिल्पाशी संबंध काय?’ आणि तू घरी जाऊन रेखाटनांच्या तिन्ही वह्या गाठोड्यात बांधल्यास. लिहिणं बंद, रेखाटणं बंद, आता फक्त माती. अगं, पण का?

वहीला कामाला जुंपू नकोस. एवढंच सांगायचंय.

फ्रेंच-अमेरिकन शिल्पकार लुईझ बूर्ज्वाचा तो आठ पायांचा प्रचंड कोळी तू फोटोत पाहिला असशील, ‘मामाँ’, १९९९ सालचा, ९ मीटरच्या वर उंच. तिच्या कागदावर कोळी आला तो १९४७ मध्ये, शाई-कोळशात. तेव्हा कुणी संबंध विचारला असता, तर काय सांगणार होती ती? पुढे १९९४-९५ मध्ये झोप येईना म्हणून रात्री-रात्री चित्रं काढत बसली, मधेच शब्दही लिहिले. २२० कागद. आणि आपल्या मुंबईत जन्मलेली शिल्पकार मृणालिनी मुखर्जी? दोरखंडाला गाठी मारमारून माणसाहून उंच आकृत्या उभ्या केल्या, आधी एक स्केच नाही. आता कुणाची ज्यूरी घेणार?

हमालाची मान रेखाटलीस तर कागदावर एकाच बाजूची कड मिळते. मातीचं काम ठेवलेलं टर्नटेबल फिरवलं की ती लाडकी रेघ मेलीच. पण ‘मान खांद्यात रुतलीय’ असं लिहिलेलं असलं, तर कधीतरी अंगठ्याला कळतं कुठे दाबायचं. हो, म्हणजे वही कामाला येते. बोलावून येत नाही, एवढंच. म्हणून म्हणते, जुंपू नकोस.

माझं सांगते. २६ जुलै २००५. कुर्ल्याच्या गाळ्यात पाणी गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा मी प्लास्टरचे साचे माळ्यावर चढवले. एका पुतळ्याचं काम होतं, ॲडव्हान्स घेतलेला. वह्या खालच्या फळीवर राहिल्या. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर नुसता लगदा. चुकलं नाही माझं! कारागिरांचे पैसे द्यायचे होते, साचे गेले असते तर कुणी भरून दिले असते? (हसू नकोस.) पण त्या पुतळ्याचा चेहरा आज आठवत नाही, आणि वहीतली एक ओळ आठवते: ‘लोकलच्या कडीला लटकलेली मूठ, नखं पांढरी.’ ती मूठ मी कधी केली नाही. करायची राहिली, असंही म्हणवत नाही.

तेव्हा संबंध-बिंबंध पुरे. पुढच्या वेळी विचारलं तर ‘माहीत नाही’ म्हण आणि गप्प उभी राहा. मी उभी राहिले नाही. त्या वयात मीही भराभर संबंध जोडून दाखवले, मार्कही मिळवले.

शनिवारी गाळ्यावर ये. वह्या आण. गाठोडं सोडलं नाहीस तरी चालेल, मी उघडणार नाही. आणि मातीवर गोणपाट ओलं करून टाकलंयस ना? वरून प्लास्टिकही गुंडाळ. नाक-कान आधी तडकतात.