करंगळीला मुंग्या येतात, हँडल बदलू का?

प्रश्न : मी कोथरूडला राहतो, दीड वर्षापूर्वी हार्डटेल एमटीबी (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक) घेतली, दर रविवारी वेताळ टेकडीवर जातो. हँडल सरळ आहे, ७२० मिमीचं. चढाला काही वाटत नाही पण उतरताना सगळा भार हातांवर येतो, आता पुढून उलटतोय की काय असं होतं आणि घरी आल्यावर करंगळी नि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. ग्रुपमधले म्हणतात ८०० चं रायझर (दोन्ही बाजू वर उचललेलं हँडल) टाक, सगळं सुटेल. टाकू का?

उत्तर : लगेच नको. कुठल्या बोटांना मुंग्या येतात ते तुम्ही नेमकं लिहिलंत हे फार बरं केलंत, कारण करंगळी-अनामिकेकडे जाणारी नस तळव्याच्या करंगळीकडच्या बाजूने, मनगटाच्या अगदी जवळून जाते आणि सरळ हँडलवर भार नेमका तिथेच पडतो. एक करून बघा. उभं राहून हात समोर सैल धरा, डोळे मिटा, दोन्ही मुठीत एकेक पेन्सिल घट्ट धरा, आता डोळे उघडा. पेन्सिली एका रेषेत नसतील, बाहेरची टोकं तुमच्याकडे झुकलेली असतील. हात असाच बनलाय. म्हणून हँडलची टोकं रायडरकडे वळवलेली असतात, त्याला बॅकस्वीप म्हणतात, साधारण ७ ते ९ अंश असतो, काही हँडल्सना १२-१६ सुद्धा. तुमचं हँडल अगदी दांड्यासारखं असेल तर मनगट तासभर वाकडं राहतं, मुंग्या येणारच. पण बॅकस्वीप वाढला की हातही मागे येतात, म्हणजे सायकल आखूड झाल्यासारखी वाटते, हेही धरून चाला.

आता रायझर. हँडल २०-३० मिमी वर आलं की पाठ थोडी उभी होते, तळव्यावरचा भार कमी होतो, उतारावर कंबर मागे नेणं सोपं जातं, तुमची उलटण्याची भीती यानेच कमी होईल. पण फार उंच केलंत तर पुढच्या चाकावर वजनच राहत नाही आणि आपल्या टेकड्यांवरच्या सुट्या मुरुमात वळताना ते चाक सर्रकन निसटतं, खड्या चढावर तर आपोआप वर उचललं जातं.

रुंदीचं मात्र बरेच जण उलटं समजतात. रुंद हँडलने दगडांवर चाक हातातून फिरत नाही, पकड भक्कम येते हे अगदी खरं, पण हात फाकले की कोपरं बाहेर जातात आणि छाती खाली-पुढे येते, म्हणजे नुसतं ७२० चं ८०० केलंत आणि स्टेम (हँडल सायकलला जोडणारा पुढचा तुकडा) जुना लांबच ठेवलात तर तुम्ही आणखी पुढे झुकाल, ज्याची तक्रार आहे तेच वाढेल. रुंद हँडलबरोबर आखूड स्टेम, ३५-५० मिमीचा, येतो तो यासाठी. या खेळाची सुरुवातच रुंद हँडलवर झाली बरं का, १९७६ साली कॅलिफोर्नियात फेअरफॅक्सजवळच्या मातीच्या उतारावर रिपॅक नावाची शर्यत सुरू झाली तेव्हा ती मंडळी जुन्या जाड टायरच्या सायकलींना मोटरसायकलचे ब्रेक लिव्हर लावून उतरायची, मग नव्वदच्या दशकात रेसिंगपायी हँडलं चिंचोळी आणि स्टेम लांब झाले, आणि आता फिरून ७६०-८०० वर आलोय.

म्हणून आधी फुकटातले उपाय. स्टेमच्या वर स्पेसर (कड्या) रिकामे बसलेले असतील तर एक स्टेमच्या खाली घ्या (परत आवळताना आधी वरचा बोल्ट बेताने, मग स्टेमचे, पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा, खटखट नको). ब्रेक लिव्हर असे फिरवा की बोट ठेवल्यावर मनगट वर किंवा खाली मोडणार नाही. एका वेळी एकच बदल, आणि तोच उतार दोनदा. एवढ्याने भागलं नाही तर २० मिमी राइज, ८-९ अंश बॅकस्वीप, ७६० रुंदी घ्या, ८०० नको. आणि मुंग्या रात्रीही राहिल्या किंवा बाटलीचं झाकण उघडायला जोर येईना झाला तर आधी डॉक्टर, हँडल नंतर.

प्रश्न : माझी उंची पाच फूट एक इंच, नव्या सायकलचं हँडल ७८०. तीव्र वळणावर बाहेरचा हात ताणला जातो, मान धरते. कापून घेऊ का?

उत्तर : ताई, कापावं लागेलच, पण आज नको. मी एकदा ७८० चं एका फटक्यात ७०० करून घेतलं होतं, पुढच्याच उतारावर चाक प्रत्येक दगडाला झटके देत होतं आणि कापलेलं काही परत जोडता येत नाही, नवीन हँडल घ्यावं लागलं. आधी ग्रिप आणि लिव्हर दोन्हीकडून एकेक सेंटिमीटर आत सरकवा, मोकळ्या मैदानात चालवा, झाडीत नको कारण टोकं बाहेर राहतात. जिथे खांदे सैल पडतील तिथे खूण करा, तीही थोडी बाहेरच. कार्बनचं असेल तर कंपनीने दिलेल्या किमान रुंदीच्या खाली जाऊ नका. कापल्यावर कड कानशीने घासून घ्या आणि टोकाचे प्लग परत बसवल्याशिवाय दुकानातून निघूच नका, उघडी नळी पडताना मांडीत किंवा पोटात घुसते.