वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : कोटाच्या आतला मुक्काम

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझी मुलगी आणि जावई न्यू जर्सीत राहतात. जावयांच्या पासपोर्टवरील एच-वन-बी व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली आहे. अमेरिकेबाहेर पडल्यास परतण्यापूर्वी नवा शिक्का घ्यावा लागेल, म्हणून येत्या जानेवारीत आम्ही सर्वांनी कॅरिबियनमधील पोर्तो रिको बेटावर जाण्याचे ठरवले आहे. माझे यजमान इतिहासाचे निवृत्त शिक्षक असून त्यांना तेथील राजधानी सान हुआनच्या जुन्या शहरात, कोटाच्या आत, शक्यतो ऐतिहासिक वास्तूतच राहायचे आहे. समुद्रकिनाऱ्यावरील मोठ्या हॉटेलात सोय चांगली होईल, असे मुलीचे मत आहे. माझे वय ६८ असून गुडघे दुखतात. जुन्या वास्तूचा आग्रह धरावा का, आणि धरल्यास खोली कशी निवडावी? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या यजमानांचा आग्रह योग्य आहे, असे मला मनापासून वाटते. मात्र वास्तू त्यांनी निवडावी आणि खोली आपण निवडावी, अशी माझी विनंती आहे. जुन्या शहरातील मुक्कामात वास्तूच्या वयापेक्षा खोली कोणत्या मजल्यावर आहे आणि तिची खिडकी कोठे उघडते, यावर रात्रीची झोप अधिक अवलंबून असते.

व्हिसाविषयी थोडक्यात सांगायचे तर, पोर्तो रिको हा अमेरिकेच्या अखत्यारीतील प्रदेश असल्याने न्यूअर्कहून तेथे जाणारे विमान देशांतर्गत असते आणि जावयांचा शिक्का संपलेला असला तरी त्यांचे वास्तव्य कायदेशीर असेपर्यंत या प्रवासाला अडचण येत नाही. सर्वांनी मूळ पासपोर्ट आणि आय-९४ची (अमेरिकेतील प्रवेशाच्या नोंदीची) प्रत मात्र जवळ ठेवावी. विमान थेट सान हुआनलाच जाईल याची खात्री करावी; वाटेत दुसऱ्या देशातील बेटावर थांबा असलेले स्वस्त तिकीट जावयांना चालणार नाही.

सान हुआनची वसाहत १५२१ मध्ये सध्याच्या जागी आली. उत्तरेस अटलांटिक, दक्षिणेस बंदर आणि दोहोंच्या मध्ये चढत जाणारी टेकडी असलेल्या एका लहानशा बेटावर हे जुने शहर वसलेले आहे. एल मोरो किल्ल्याचे काम १५३९ मध्ये सुरू झाले. हा किल्ला, सान क्रिस्तोबाल किल्ला, तटबंदी आणि ला फोर्तालेसा हे राज्यपालांचे निवासस्थान १९८३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. शहर इतके आटोपशीर आहे की कोटाच्या आत राहणाऱ्याला मोटारीची गरज पडत नाही, उलट ती उभी कोठे करावी हाच प्रश्न पडतो. त्यामुळे पर्जन्यवनाकडे किंवा दुसऱ्या गावांकडे जाणार असाल, त्या दिवसांपुरतीच मोटार भाड्याने घ्यावी.

कोटाच्या आत राहण्याचे खरे सुख सकाळी आणि संध्याकाळी मिळते. बंदराला क्रूझ जहाजे लागली की दिवसा काये फोर्तालेसा आणि काये देल क्रिस्तो या रस्त्यांवर पाऊल ठेवायला जागा उरत नाही (काये म्हणजे रस्ता). संध्याकाळी जहाजांतील प्रवासी परतू लागले की गर्दी ओसरते. निळसर झाक असलेल्या विटांच्या फरसबंदीवर तिरके ऊन पडते, समुद्रावरून वारा येतो आणि गावातली माणसे एल मोरोसमोरच्या हिरवळीवर पतंग उडवायला जमतात. किनाऱ्यावरील हॉटेलातून टॅक्सीने दुपारी येऊन जाणाऱ्यांना नेमके हेच दिसत नाही. इतिहासाच्या शिक्षकाला ते पाहायला मिळावे, असे मला फार वाटते.

आता वास्तूंविषयी. आपल्या यजमानांना सर्वाधिक भावेल ते हॉटेल एल कोन्व्हेंतो. काये देल क्रिस्तोवर, सान हुआन बाउतिस्ता कॅथेड्रलच्या अगदी समोर असलेली ही इमारत म्हणजे १६५१ मध्ये स्थापन झालेला, कार्मेलाइट या ख्रिस्ती पंथाच्या जोगिणींचा मठ होय. जोगिणींनी १९०३ मध्ये मठ सोडला आणि पुढील अर्धशतक या वास्तूची दुर्दशा झाली. एके काळी तेथे नगरपालिकेच्या कचऱ्याच्या गाड्यासुद्धा उभ्या राहत असत. अमेरिकेतील दुकानांच्या साखळीसाठी प्रसिद्ध असलेल्या वुलवर्थ घराण्यातील रॉबर्ट वुलवर्थ यांच्या पुढाकाराने १९६२ मध्ये तेथे हॉटेल सुरू झाले. त्या काळात शहरातील जुनी घरे पाडून नवी बांधावीत, असा विचार जोर धरत होता. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या पोर्तो रिको संस्कृती संस्थेचे पहिले संचालक रिकार्दो अलेग्रिया यांनी त्या विचाराला ठामपणे विरोध करून घरांच्या दुरुस्तीचे काम हाती घेतले नसते, तर आपण आज जे पाहायला निघाला आहात त्यातील बरेच काही उरले नसते. हॉटेलच्या बाजूने उतरणाऱ्या गल्लीला आजही जोगिणींची गल्ली म्हणतात. कॅथेड्रलसमोरून उतरणारी दुसरी वाट थेट सान हुआन दरवाजापर्यंत जाते. जहाजातून उतरलेले प्रवासी पूर्वी याच दरवाजाने आत येऊन, सुखरूप पोहोचल्याबद्दल आभार मानण्यासाठी सरळ कॅथेड्रलकडे चढत जात. कॅथेड्रलमध्ये बेटाचा पहिला स्पॅनिश गव्हर्नर हुआन पोन्से दे लेओन याची समाधी आहे.

मठाचे दर परवडणारे नसतील, तर उत्तरेकडे काये नोर्सागराय या रस्त्यावर समुद्राकडे तोंड करून असलेले गॅलरी इन पाहावे. जुनी घरे एकमेकांना जोडून झालेल्या त्या वास्तूत अंगणे, गच्च्या आणि शिल्पे यांची मोठी गुंतागुंत आहे. यजमानांना तेथून पाय काढवणार नाही. परंतु त्यातील जिने पाहता आपल्या गुडघ्यांसाठी मी ते सुचवणार नाही.

जुन्या सान हुआनचे घर समजून घेतले म्हणजे खोली निवडणे सोपे जाते. रस्त्यावरील मोठ्या दरवाजातून आपण देवडीसारख्या जागेत येतो, तेथून आतल्या चौकात, आणि चौकाभोवती वरच्या मजल्यावर खोल्या असतात. पुण्या-नाशिकचे वाडे पाहिलेल्या माणसाला ही रचना ओळखीची वाटेल. छत फार उंच असून ते औसुबो नावाच्या झाडाच्या तुळयांवर तोललेले असते. औसुबो हे आपल्या चिकूच्याच वंशातले झाड आहे आणि त्याचे लाकूड अतिशय टणक असते. छत उंच म्हणून जिनाही लांब, त्यामुळे एका मजल्याचा चढ आपल्या फ्लॅटच्या दीड मजल्याइतका होतो. शिवाय तेथे अमेरिकी पद्धतीने ज्याला सेकंड फ्लोअर म्हणतात तो आपला पहिला मजला असतो, हे आरक्षण करताना ध्यानात ठेवावे.

रस्त्याकडच्या खोलीला सज्जा आणि उजेड मिळतो, पण आवाजही मिळतो. चौकाकडची खोली शांत असते, पण अंधारी असण्याची शक्यता असते. काही खोल्यांना बाहेरची खिडकीच नसते आणि संकेतस्थळावरील छायाचित्रांत ते कळत नाही. अशाच एका लहान वसतिगृहात मी दोन रात्री काढल्या आहेत. दुसऱ्या रात्री वीज गेल्यावर वातानुकूलन बंद पडले, हवा येण्यास वाव नव्हता आणि पहाटेपर्यंत मी चौकातल्या बाकावर बसून राहिलो. तेव्हापासून मी आरक्षणापूर्वी ईमेलने चौकशी केल्याशिवाय पैसे भरत नाही. खोलीची खिडकी बाहेर उघडते का आणि कोणत्या बाजूला, रस्त्यापासून खोलीपर्यंत एकूण किती पायऱ्या आहेत, हे विचारावे. उद्वाहन आहे एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये, कारण कित्येकदा उद्वाहनापर्यंत पोहोचण्यासाठीच पायऱ्यांची एक रांग चढावी लागते.

विजेचा प्रश्न गांभीर्याने घ्यावा. सप्टेंबर २०१७ मधील मारिया चक्रीवादळाने बेटाची वीजव्यवस्था मोडून टाकली आणि ती अजून पूर्णपणे सावरलेली नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी आणि पुन्हा १६ एप्रिल २०२५ रोजी जवळपास सर्व बेट अंधारात गेले होते. म्हणून जनरेटर आहे का एवढेच विचारून थांबू नये. त्यावर खोलीतील वातानुकूलन चालते की केवळ जिन्यातील दिवे, आणि पाण्याची स्वतंत्र टाकी आहे का, हेही विचारावे. ज्या ठिकाणाहून या प्रश्नांची स्पष्ट उत्तरे येतात तेथील बाकीची व्यवस्थाही बहुधा चांगली असते.

आपण जानेवारीत जात आहात, म्हणून एक महत्त्वाची सूचना. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस काये सान सेबास्तियान या रस्त्यावर मोठा लोकोत्सव भरतो. लाखो माणसे जुन्या शहरात येतात, मोटारींना प्रवेश मिळणे दुरापास्त होते आणि संगीत मध्यरात्रीनंतरही सुरू असते. तरुणांनी तो अवश्य अनुभवावा. आपण मात्र ते चार दिवस टाळावेत. एरवीही त्या रस्त्यावर शनिवार-रविवारी रात्री उशिरापर्यंत वर्दळ असल्याने मुक्कामासाठी तो रस्ता नको.

मुलीच्या मताचाही मान ठेवता येईल. मुक्काम पाच रात्रींचा असेल, तर तीन कोटाच्या आत आणि दोन कोंदादो या किनाऱ्यावर काढाव्यात. तेथील कोंदादो व्हँडरबिल्ट हे हॉटेल १९१९ मध्ये सुरू झाले असून त्याचा आराखडा वॉरन अँड वेटमोर या वास्तुविशारद संस्थेचा आहे. न्यू यॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या उभारणीत याच संस्थेचा वाटा होता, हे सांगितले की यजमान किनाऱ्यावरही रमतील. दर पाहताना कर धरावा. खोलीच्या भाड्यावर साध्या हॉटेलात ९ टक्के, कॅसिनो असलेल्या हॉटेलात ११ टक्के आणि अल्पमुदतीच्या भाड्याच्या घरांवर ७ टक्के कर असतो. याशिवाय पुष्कळ हॉटेले स्वतःचे वेगळे शुल्क लावतात.

अल्पमुदतीच्या घरांविषयी माझे मत स्पष्ट आहे. जुन्या सान हुआनमधील अनेक घरे अशा भाड्यासाठी गेल्यामुळे तेथील रहिवाशांना परवडणारी जागा मिळेनाशी झाली आहे आणि ते याविषयी उघडपणे बोलतात. कुटुंब मोठे असेल आणि स्वयंपाकघर हवेच असेल तर असे घर घ्यावे, पण मालक त्याच वास्तूत किंवा त्याच गल्लीत राहणारा असावा. आपल्यासाठी तर त्याचा दुहेरी लाभ आहे, कारण वीज गेली तर दार ठोठावण्यासाठी कोणीतरी जवळ असेल.

सामानाच्या चाकांच्या बॅगा त्या विटांवरून ओढणे कष्टाचे होते आणि पावसानंतर विटा निसरड्या होतात. रबरी तळव्याची पादत्राणे न्यावीत, आणि टॅक्सी दारापर्यंत येते का हे हॉटेलला आधी विचारून ठेवावे.

प्रश्न : आम्ही टोरांटोत राहतो आणि कॅनडाचे नागरिक आहोत. कॅरिबियनमधील सर्वांत जुन्या घरांत राहायचे असेल तर सान हुआनपेक्षा डॉमिनिकन प्रजासत्ताकातील सांतो दोमिंगो बरे, असे वाचनात आले. आपले मत काय? – एक वाचक, टोरांटो

उत्तर : वयाच्या दृष्टीने आपण वाचले ते बरोबर आहे. ओसामा नदीकाठचे सांतो दोमिंगोचे जुने शहर १९९० पासून जागतिक वारसा यादीत असून तेथील कॅथेड्रल १५४१ मध्ये पूर्ण झाले. काये लास दामास या रस्त्यावर, गव्हर्नर निकोलास दे ओव्हांदो याच्या दगडी निवासस्थानात आज त्याच्याच नावाचे हॉटेल चालते. ओव्हांदो १५०२ मध्ये येथे आला, म्हणजे शिवनेरीवर महाराजांचा जन्म होण्यापूर्वी सव्वाशेहून अधिक वर्षे. जाड दगडी भिंती, नदीच्या बाजूचे अंगण आणि दाराबाहेर पाऊल टाकताच ओसामाचा किल्ला, असा योग अन्यत्र सहसा मिळत नाही.

तथापि त्या घरात राहताना घरधन्याची संपूर्ण ओळख असावी. याच ओव्हांदोच्या आज्ञेवरून १५०३ मध्ये हाराग्वा येथे या बेटावरील मूळ रहिवासी असलेल्या ताइनो लोकांच्या प्रमुखांना जिवंत जाळण्यात आले आणि त्यांची राणी आनाकाओना हिला पुढे फाशी देण्यात आली. त्याच्याच ताफ्यातून या बेटावर आलेल्या बार्तोलोमे दे लास कासास यांनी नंतर या अत्याचारांची हकिकत लिहिली. हे ठाऊक असूनही तेथे राहावे, असे मी म्हणेन. परंतु मुलांना बरोबर नेत असाल तर त्या भिंतींचे कौतुक करताना ही नावेही सांगावीत.

सोयीच्या दृष्टीने पाहता, सान हुआनच्या मानाने सांतो दोमिंगोचे जुने शहर बरेच सपाट असल्याने चालण्यास सुखकर आहे. विमानतळ मात्र दूर आहे, तेव्हा रात्री उशिरा पोहोचणार असाल तर हॉटेलकडूनच वाहन ठरवावे. आगमनाचा इलेक्ट्रॉनिक अर्ज प्रवासापूर्वी भरावा लागतो. कुटुंबात कोणी भारतीय पासपोर्टधारक असेल तर त्याच्यासाठीचे प्रवेशाचे नियम वकिलातीकडून लेखी विचारून घ्यावेत. दोन्ही शहरे पाहायची असल्यास त्यांच्यामधला विमानप्रवास साधारण तासाभराचा आहे. तसे झाल्यास आधी सांतो दोमिंगो आणि नंतर सान हुआन असा क्रम ठेवावा, म्हणजे वसाहतीचा इतिहास कालक्रमाने उलगडत जाईल.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. जुन्या सान हुआनमध्ये हॉटेल घ्यावे की स्वयंपाकघर असलेली जागा? – एक वाचक, सांगली

उत्तर : तीन-चार दिवसांसाठी हॉटेल पुरेसे आहे, कारण जुन्या शहरात शाकाहारी जेवण मागितल्यास मिळते. मात्र भात आणि घेवडा हा तेथला रोजचा पदार्थ वरकरणी शाकाहारी दिसला तरी घेवड्यात बहुधा डुकराचे मांस घातलेले असते, आणि कच्ची केळी तळून-कुटून केलेल्या मोफोंगो या पदार्थातही बहुधा डुकराची तळलेली कातडी असते. स्पॅनिशमध्ये ‘सिन कार्ने, सिन हामोन’, म्हणजे मांस नको आणि हॅमही नको, असे दोन्ही शब्द वापरून सांगावे. आठवडाभर राहणार असाल तर लहान शेगडी आणि शीतकपाट असलेली खोली घ्यावी. डाळ, तांदूळ आणि हिरवी केळी तेथील दुकानांत सहज मिळतात. मसाल्याची डबी तेवढी घरून न्यावी.