सहकाऱ्याला वाचवताना हल्लेखोरावर बळ वापरले, तर नोकरी जाऊ शकते का?
होय, सहकाऱ्याला वाचवताना तुम्ही हल्लेखोराचा हात पिरगाळला आणि पोलिसांनी तुमच्यावर गुन्हा नोंदवला नाही, तरीही कंपनी शिस्तभंगाची कारवाई करू शकते. मात्र कामगाराला चौकशीविना तडकाफडकी काढणे सहसा न्यायालयात टिकत नाही. भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३५ नुसार दुसऱ्याच्या शरीराचे रक्षण करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, पण तो फक्त फौजदारी आरोपापासून वाचवतो. कंपनीची अंतर्गत चौकशी वेगळी चालते आणि तिथे पुराव्याचा निकषही तितका कडक नसतो. कामाच्या जागी मारामारी हे सर्रास गैरवर्तन धरले जाते, आणि आधी हात कोणी उचलला हे न पाहता दोघांनाही एकसारखे आरोपपत्र देणे हा माझ्या मते उघड अन्याय आहे. खुलाशात घटनाक्रम मिनिटामिनिटाने लिहा, वाचलेल्या सहकाऱ्याचा जबाब जोडा आणि सीसीटीव्हीचे चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी त्याच दिवशी करा, कारण जुन्या चित्रणावर काही दिवसांतच नवे चढते. परंतु हल्लेखोराकडे चाकू असेल, तर तो त्याच्या हातातून गळून पडल्यानंतर तुम्ही मारलेला ठोसा त्याच संहितेच्या कलम ३७ प्रमाणे गरजेपेक्षा जास्त इजा ठरू शकतो आणि मग रक्षणाच्या हक्काचा आधार उरत नाही.