१९९०च्या दशकातले गाजलेले कोरियन चित्रपट पाहायचेत, सुरुवात कुठून करू?

‘सोप्योन्जे’पासून करा. इम क्वोन-ताएक यांचा हा १९९३चा चित्रपट. एकट्या सोल शहरात दहा लाखांहून अधिक प्रेक्षक मिळवणारा हा पहिला कोरियन चित्रपट, आणि विषय काय, तर पान्सोरी हे लोप पावत चाललेलं पारंपरिक कथागायन! बाप, मुलगी आणि मुलगा गावोगाव गात हिंडतात. लेकीच्या आवाजात दुःख उतरावं म्हणून बाप तिची दृष्टी घालवतो. शेताच्या बांधावरून तिघं गात, नाचत येतात, तो पाचेक मिनिटांचा सलग शॉट मी कितीदा पाहिला असेल! कॅमेरा जागचा हलत नाही, माणसंच दुरून जवळ येतात.

मग १९९८चा ‘ख्रिसमस इन ऑगस्ट’. मरणाच्या दारातला फोटोग्राफर म्हाताऱ्या वडिलांना व्हिडिओ प्लेअर लावायला शिकवतो. त्यांना जमत नाही, तो चिडतो आणि नंतर कागदावर एकेक पायरी लिहून ठेवतो. रडारड नाही, तरी गळा दाटून येतो.

थरार हवा असेल तर ‘शिरी’, १९९९. उत्तर कोरियाचे हेर, दक्षिणेचे गुप्तचर, त्यात एक प्रेमकथा. कोरियात याने ‘टायटॅनिक’चाही विक्रम मोडला. गोळीबार जरा जास्तच आहे, पण सोंग कांग-हो आणि चोई मिन-सिक हे कोरियाचे दोन नामवंत अभिनेते यात आहेत.